फायटर माद्यांचा ग्रुप ठेवायचाय? आधी आडोसा, मग मासे

बऱ्याच जणांचं असंच होतं. नर फायटर मासा एकटाच ठेवावा लागतो हे माहीत असतं, मग कुणीतरी सांगतं की अरे माद्या ठेव की, त्या राहतात एकत्र, आणि एकाच फेरीत चार-पाच वेगवेगळ्या रंगांच्या माद्या घरी येतात. पहिले दोन दिवस टँकसमोरून उठवत नाही इतकं छान दिसतं सगळं. तिसऱ्या दिवशी एकीचं शेपूट कुरतडलेलं, दुसरी कोपऱ्यात पाण्याच्या वरच्या थरात लटकून राहिलेली आणि तिसरी सगळ्यांच्या मागे लागलेली.

माझा पहिला ग्रुप असाच गेला. पाच होत्या, त्यातली सगळ्यात लहान, फिकट पांढरी, ती सारखी हीटरच्या मागे बसायची आणि मला वाटायचं हिला ऊब आवडते. दोन दिवस मी तसंच समजत राहिले. तिसऱ्या दिवशी जाळीत घेतली तर एका बाजूचे खवले गेलेले, पर अंगाला चिकटलेले, आणि ती वाचली नाही. त्या टँकमध्ये लपायला हीटरच्या मागची ती एवढीशी फट सोडून दुसरी जागाच नव्हती, ते मला तेव्हा दिसलंच नाही. म्हणून ज्यांना हा ग्रुप पहिल्यांदा करायचाय त्यांच्यासाठी सगळं क्रमाने लिहितेय, आणि क्रम खरंच पाळा कारण यात मासे सगळ्यात शेवटी येतात.

आधी हा मासा कसा आहे ते

फायटर म्हणजे बेट्टा स्प्लेंडेन्स, मूळचा थायलंडचा, तिथल्या उथळ, गवताळ, जवळजवळ न वाहणाऱ्या पाण्यातला. हे शास्त्रीय नाव १९१० मध्ये रेगन या ब्रिटिश मत्स्यशास्त्रज्ञाने दिलं, आणि २०१९ मध्ये थायलंडने याला राष्ट्रीय जलचर म्हणून जाहीर केलं. पण शेकडो वर्षं माणसाने याला निवडून निवडून वाढवलं ते झुंजीसाठी, आणि तो स्वभाव फक्त नरांत उतरला आणि माद्या मात्र गरीब राहिल्या असं झालेलं नाही. माद्याही गिल (कल्ले) फुगवतात, पाठलाग करतात, चावतात. नरापेक्षा थोडं कमी, एवढंच.

दुसरं म्हणजे हा थव्याने राहणारा मासा नाही. टेट्रासारख्या छोट्या, थव्याने राहणाऱ्या माशाला सोबत लागते, सोबत नसेल तर तो घाबरतो. फायटर मादीला सोबत लागत नाही, ती एकटी मजेत जगते. ग्रुप ही आपली हौस आहे, तिची गरज नाही, त्यामुळे ती हौस पुरवताना सगळी जबाबदारी आपल्याकडे येते.

मूळच्या जागी भांडण झालं की हरलेली मादी गवतात घुसते, समोरच्या मादीला ती दिसेनाशी होते आणि विषय तिथे संपतो. काचेच्या पेटीत ती पळते कुठे, समोरच्या काचेपर्यंत, आणि दुसरीला ती तिथेही दिसतच राहते, म्हणून भांडण संपत नाही. दृष्टीआड सृष्टी म्हणतात ना, फायटर माद्यांच्या बाबतीत ते शब्दशः खरं आहे. पुढचं जवळजवळ सगळं या एका गोष्टीसाठी आहे, की हरलेली मादी दुसरीच्या नजरेआड जाऊ शकली पाहिजे.

टँक केवढा

माझ्या मते ७५ लिटर ही अगदी खालची मर्यादा आहे आणि त्यातही टँक लांबट हवा, साधारण ७५ सेंटिमीटर लांब. ११० लिटर किंवा पुढे असेल तर तुमचं निम्मं टेन्शन कमी होतं. उंच टँकचा उपयोग नाही, कारण या माद्या वरच्या आणि मधल्या थरात जास्त वावरतात आणि त्यांना पळायला आडवी जागा लागते.

आकडा किती? दोन किंवा तीन नकोच. त्यात एक दादागिरी करणार आणि एक मार खाणार हे जवळजवळ ठरलेलं, कारण सगळा राग एकीवरच जातो. पाच-सहा असल्या की तो राग वाटला जातो, कुणा एकीला दिवसभर झेलावा लागत नाही. मात्र यावरून काही जण उलटा निष्कर्ष काढतात की मग दहा-बारा कोंबल्या की भांडणंच होणार नाहीत. होतं काय, की पाणी लवकर खराब होतं, सगळ्या सतत तणावात राहतात, भांडायलाही जागा नसते म्हणून शांत दिसतात आणि मग एका मागोमाग एक आजारी पडतात. १०० लिटरला पाच-सहा, याच्या वर नवीन माणसाने जाऊ नये. आकडा विषम हवा असंही सांगतात, त्याला काही अर्थ आहे असं मला कधी दिसलं नाही.

आडोसा, आणि तो तळापासून वरपर्यंत

इथे थोडी थांबते, कारण जास्तीत जास्त ग्रुप इथेच बिघडतात.

बहुतेक जण लपायची जागा म्हणून तळाशी एक-दोन गुहा ठेवतात, एखादं मडकं, एखादा नारळाच्या करवंटीचा अर्धा भाग, आणि कडेला चार झाडं. दिसायला भरपूर वाटतं. पण फायटर हवेतून श्वास घेणारा मासा आहे, त्याच्या डोक्यात गिलच्या वर एक चक्रव्यूहासारखा अवयव असतो, त्याला लॅबिरिंथ म्हणतात, आणि त्यासाठी तिला थोड्या थोड्या वेळाने वर येऊन हवा घ्यावीच लागते. म्हणजे मार खाणारी मादी गुहेत लपली तरी तिला दर काही मिनिटांनी बाहेर यावं लागणार, उघड्या पाण्यातून वर जावं लागणार आणि परत खाली यावं लागणार, आणि दादागिरी करणारी तिथेच वाट बघत असते. मी हे डोळ्यांनी बघितलंय, गुहेच्या तोंडाशी पहारा.

म्हणून आडोसा उभा हवा, तळापासून पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत जाणारा, म्हणजे मादी झाडांच्या आतल्या आत वर जाईल, हवा घेईल आणि खाली येईल आणि या सगळ्यात ती कुणाला दिसणार नाही. यासाठी वॅलिसनेरिया सगळ्यात कामाची, लांब रिबिनीसारखी पानं वर जाऊन पृष्ठभागावर आडवी पसरतात. वॉटर स्प्राइट, हायग्रोफिला, हॉर्नवर्ट, गप्पी ग्रास, ही सगळी भराभर वाढणारी आहेत, फार लाइट किंवा खत मागत नाहीत आणि वाढताना पाण्यातलं अमोनिया-नायट्रेटही खातात. वर तरंगणारी झाडं घाला, साल्विनिया किंवा फ्रॉगबिट, त्यांची खाली लोंबणारी मुळं वरच्या थरात पडद्यासारखं काम करतात. फक्त सगळा पृष्ठभाग झाकू देऊ नका, श्वास घ्यायला आणि खायला मोकळी जागा लागते, अर्ध्यापेक्षा थोडं जास्त झाकलं तरी पुरे.

मधल्या भागासाठी एक-दोन मोठी फांद्यांची लाकडं, ज्यांचं एखादं टोक पाण्याच्या अगदी जवळ येतं अशी, आणि त्यांना बांधलेली अनुबियास किंवा जावा फर्न. माद्यांना वरच्या बाजूला रुंद पानावर पडून राहायला खूप आवडतं आणि प्रत्येक मादी हळूहळू आपली एक जागा ठरवते. तुमच्याकडे सहा माद्या असतील तर पृष्ठभागाजवळ अशा सहापेक्षा जास्त जागा हव्यात आणि त्या एकमेकींना दिसू नयेत.

गुहा ठेवायच्याच असतील तर दोन्हीकडून उघड्या ठेवा. एकच तोंड असलेली गुहा म्हणजे पिंजरा, आत गेलेलीला बाहेरच्या मादीने अडवलं की सुटका नाही. माझ्या टँकमधून मी मडकं काढून टाकलं आणि मातीचे दोन आडवे पाइप ठेवले, फरक लगेच दिसला.

टँक तयार झाला की एक साधी परीक्षा घ्या. टँकच्या एका टोकाच्या काचेला डोळे लावून लांबीच्या दिशेने बघा. दुसऱ्या टोकाची काच सरळ दिसत असेल तर झाडं कमी आहेत, अजून घाला. मग हेच पाण्याच्या वरच्या थराच्या उंचीवरून करा, बरेचदा तळाशी जंगल असतं आणि वरचे दहा सेंटिमीटर मोकळं मैदान. प्लास्टिकची झाडं चालतात का, तर सुरुवातीला भर म्हणून सिल्कची मऊ झाडं चालतील, कडक प्लास्टिकने पर फाटतात.

झाडं लावली की निदान महिनाभर वाढू द्या. तसंही पुढच्या कामाला तेवढा वेळ लागतोच.

फिल्टर, हीटर, झाकण आणि सायकल

फिल्टर स्पंजचा, हवेच्या पंपावर चालणारा. फायटरला जोराचा प्रवाह झेपत नाही. हँग ऑन फिल्टर (टँकच्या काठाला टांगायचा) असेल तर जिथून पाणी पडतं तिथे स्पंज लावून धार मोडा. हीटर साधारण लिटरला एक वॅट या हिशोबाने, पाणी २५ ते २७ अंश सेल्सिअसमध्ये स्थिर राहिलं पाहिजे. झाकण पाहिजेच, ही उडी मारणारी जात आहे आणि पाठलागात तर हमखास उडी मारतात, शिवाय झाकणाखालची उबदार दमट हवा त्यांच्या श्वासाला चांगली. पीएच ६.५ ते ७.५ मध्ये कुठेही स्थिर असला तरी चालतो, त्याच्या मागे लागू नका.

सायकलिंग, म्हणजे मासे घालण्याआधी फिल्टरमध्ये चांगले जिवाणू वाढवणं, मात्र टाळू नका. माशांच्या घाणीतून अमोनिया तयार होतं, ते विषारी, काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारी, आणि दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात जे कमी प्रमाणात चालतं. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजमध्ये वस्तीला यायला बहुतेक वेळा चार ते सहा आठवडे लागतात. मासे न घालता पाण्यात अमोनिया २ पीपीएमपर्यंत (म्हणजे लिटरला २ मिलिग्रॅम) घालायचं आणि टेस्ट किटने बघत राहायचं, ज्या दिवशी २ पीपीएम अमोनिया २४ तासांत शून्य होईल आणि नायट्राइटही शून्य येईल त्या दिवशी टँक तयार. मग मोठं पाणी बदलून नायट्रेट खाली आणा. भांडणाच्या तणावात असलेल्या मादीला अमोनियाचं पाणी मिळालं तर ती टिकत नाही, म्हणून सांगतेय.

माद्या निवडताना

सगळ्यात चांगलं म्हणजे एकाच अंड्यांच्या घोळक्यातल्या बहिणी, ज्या पिल्लं असल्यापासून एकत्र वाढल्यात आणि कधी वेगळ्या केलेल्या नाहीत. घरी ब्रीडिंग करणाऱ्या माणसाला विचारा, त्याच्याकडे अशा मिळतात. महिनोन्‌महिने वेगवेगळ्या बरण्यांमध्ये एकेकटी राहिलेल्या पाच माद्या आणून एकत्र सोडणं हे सगळ्यात अवघड, आणि नेमकं तेच नवीन माणूस करतो कारण तशाच सहज मिळतात. त्या घ्याव्या लागल्या तर निदान आकाराने सारख्या घ्या. एक मोठी आणि चार लहान असं नको.

मादीच आहे ना, याची खात्री करा. पोटाखाली, खालच्या दोन बारीक परांच्या मागे एक छोटा पांढरा ठिपका दिसतो, तिथून अंडी बाहेर येतात. पण कोवळ्या नरांनाही कधी कधी तसा ठिपका असतो आणि आखूड शेपटीचा प्लाकाट नर तर मादीसारखाच दिसतो, त्यामुळे एकाच खुणेवर जाऊ नका. गिल फुगवल्यावर खाली दाढीसारखा मोठा पडदा बाहेर आला तर नर, मादीचा तो पडदा लहान असतो. फिकट रंगाची मादी असेल तर मागून टॉर्च धरला की पोटाच्या मागे पिवळसर त्रिकोणी अंडाशय दिसतं, ही खूण मला सगळ्यात भरवशाची वाटते. एक नर चुकून ग्रुपमध्ये आला आणि त्याने बुडबुड्यांचं घरटं बांधलं तर तो त्या घरट्याजवळ कुणालाच येऊ देत नाही.

स्वभाव बघायचा तर काही सेकंद आरसा दाखवा. थोडा वेळ फुगून मग दुर्लक्ष करणारी किंवा बाजूला होणारी घ्या. आरशावर डोकं आपटत राहणारी, आरसा काढल्यावरही शोधत फिरणारी असेल तर ती कितीही सुंदर असू दे, ती एकटीसाठी आहे. सुंदर रंगासाठी तापट मादी घ्यायचा मोह मलाही झालाय, नंतर तिच्यासाठी वेगळा टँक मांडावाच लागला.

क्वारंटाइन आणि रिकाम्या पेट्या

प्रत्येकीला आधी चार आठवडे वेगळं ठेवा. यातून दोन कामं होतात, आजार कळतो आणि अशक्त आलेली मादी खाऊन-पिऊन सुधारते. रोज टॉर्च मारून बघा, अंगावर सोनेरी-गंजकट भुकटीसारखं चमकलं तर व्हेल्व्हेट, मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके तर इच, तोंडाशी किंवा पाठीवर करडा-पांढरट चट्टा जो एक-दोन दिवसांत पसरतो तो कॉलमनॅरिस, आणि हा शेवटचा ग्रुपमध्ये शिरला तर फार वेगाने पसरतो. जाळी, पाइप, बादली प्रत्येकाची वेगळी ठेवा.

आणि आता सगळ्यात नावडता मुद्दा. जितक्या माद्या तितक्या वेगळ्या जागांची तयारी ठेवा. सगळे टँक आत्ताच मांडून चालू ठेवा असं म्हणत नाही, पण दोन तरी चालू हवेत, १५-२० लिटरचे, हीटर आणि स्पंज फिल्टरसकट, आणि वेळ आली तर प्रत्येकीला वेगळं घर देता येईल एवढी ऐपत आणि जागा हवी. काही ग्रुप जमतच नाहीत. तुम्ही सगळं बरोबर केलेलं असतं, तरी त्या विशिष्ट पाच माद्यांचं एकमेकींशी पटत नाही. तेव्हा रात्री अकरा वाजता दोन माद्या एकमेकींचा जबडा पकडून फिरताना दिसल्या तर दुसऱ्या दिवशी टँक आणू असं म्हणून चालत नाही. ही तयारी होणार नसेल तर एक मादी आणि सोबत शांत टेट्रा असा सुंदर टँक करा.

जास्तीचे स्पंज मुख्य टँकच्या फिल्टरसोबत टाकून ठेवा, म्हणजे गरज पडली की तोच स्पंज वेगळ्या पेटीत घातला की जिवाणू तयार असतात.

सोडायचा दिवस

सगळ्या एकाच दिवशी, एकाच वेळी. एक आज, एक पुढच्या आठवड्यात असं केलं तर आधी आलेली संपूर्ण टँक आपला मानते आणि नंतर येणारी प्रत्येक मादी तिच्या लेखी घुसखोर. एकाच वेळी अगदीच शक्य नसेल तर सगळ्यात भित्रीला आधी सोडा, तिला जागा ओळखू द्या, आणि सगळ्यात तापट शेवटी.

सुट्टीचा दिवस निवडा, सलग दोन दिवस घरी असाल असा. आधी प्रत्येकीला तिच्या पेटीत थोडं खायला घाला. टँकचा लाइट बंद, खोलीतला उजेडही मंद. पिशवी किंवा डबा १५-२० मिनिटं टँकच्या पाण्यावर तरंगत ठेवा, मध्ये मध्ये टँकचं थोडं पाणी आत घाला, मग जाळीने एकेक उचलून वेगवेगळ्या कोपऱ्यांत सोडा, सगळ्या एकाच जागी ओतू नका. पहिले दोन-तीन तास टँकसमोरच बसा आणि जाळी हाताशी असू द्या.

काय चालतं आणि काय नाही

पहिल्याच तासात गिल फुगवणं, अंग वाकडं करून एकमेकींसमोर उभं राहणं, छोटे पाठलाग, एखादा चावा, हे सगळं होणार आणि व्हायला हवं. त्या आपापलं स्थान ठरवताहेत. शेपटीला एखादी छोटी खाच पडली तर घाबरू नका, स्वच्छ पाण्यात पर परत वाढतात. पाठलाग किती वेळ चालतो आणि कधी थांबतो ते बघायचं. हरलेली झाडांत गेली आणि जिंकलेली मागे फिरली की ठीक. झाडांत शिरून, शोधून काढून, दुसऱ्या टोकापर्यंत मागे लागते, आणि पुन्हा पुन्हा त्याच एकीच्या, तर ठीक नाही.

रंगावरून बरंच कळतं. अंगावर लांबीच्या दिशेने गडद आडवे पट्टे आले की मादी घाबरलेली किंवा तणावात आहे. सोडल्यावर पहिल्या दिवशी बहुतेक सगळ्यांवर येतात आणि दोन-तीन दिवसांत जायला लागतात. एकीवर आठवडाभर तसेच राहिले तर तिच्याकडे लक्ष द्या. उभे पट्टे वेगळे, ते सहसा अंडी भरलेल्या, प्रजननाला तयार मादीवर येतात. (गडद रंगाच्या माद्यांवर पट्टे दिसतच नाहीत, तिथे परांकडे बघा, अंगाला चिकटलेले आहेत का.)

लगेच बाहेर काढायच्या खुणा अशा: खायला येत नाही, हीटर किंवा फिल्टरच्या मागे किंवा कोपऱ्यात पृष्ठभागाशी लटकून असते, खवले गेलेत, अंगावर जखम आहे, शेपूट रोज थोडी थोडी आखूड होतेय, किंवा दोघी जबड्यात जबडा अडकवून झुंजतायत. यात उद्यापर्यंत थांबू नका.

पहिले तीन दिवस जास्त तणावाचे, मग साधारण दोन-तीन आठवड्यांत त्यांचं आपसात ठरतं. मी रोज सकाळी खायला घालताना हजेरी घेते, एकेकीला मोजून, दोन्ही बाजू बघून. सहाच्या सहा दिसल्याशिवाय उठत नाही. एखादी दिसली नाही तर शोधते, कारण त्या पांढरीच्या वेळी मी शोधलं नव्हतं.

कुणाला काढायचं, मारणारीला की मार खाणारीला

जखमी असेल तिला आधी काढा, हे नक्की. तिला स्वच्छ, उबदार पाणी, थोडे सुकलेले देशी बदामाचे (इंडियन अल्मंड) पान आणि शांतता द्या. पण तेवढ्यावर थांबू नका, पुढचे दोन दिवस टँककडे बघा. बहुतेक वेळा मारणारी आता पुढची निवडते. तसं झालं तर अडचण तिचीच आहे, तिला काढा. पाच-सात दिवस वेगळं ठेवा, त्या काळात लाकडं आणि झाडांची जागा बदला, म्हणजे ती परत येते तेव्हा तिची जुनी हद्दच उरलेली नसते आणि बाकीच्यांचं आपसात बसलेलं असतं, तीच नवीन असते. कधी कधी एवढ्याने सुधारते. परत आल्यावर पुन्हा तेच केलं तर तिला कायमचा वेगळा टँक द्या, तिसरी संधी मी देत नाही, त्या संधीची किंमत दुसऱ्या मादीला मोजावी लागते.

आणि उलटही होतं, मारणारीला काढलं की दोन नंबरची मादी तिची जागा घेते. म्हणून कुणालाही काढलं किंवा परत घातलं की पुढचे तीन दिवस पहिल्या दिवसासारखंच लक्ष ठेवायचं.

खाणं आणि पाणी

एकाच जागी घातलं की दादागिरी करणारी निम्म्याहून जास्त खाते, तिचं पोट फुगतं आणि भित्री उपाशी. दोन्ही टोकांना आणि मध्ये, तीन ठिकाणी एकाच वेळी टाका. बारीक पेलेट्स, एकीला दोन-तीन, दिवसातून दोनदा. हे मांसाहारी मासे आहेत, पेलेटमध्ये पहिला घटक माशाचा किंवा किड्यांचा असावा. आठवड्यातून एक-दोनदा फ्रोझन डाफ्निया, ब्राइन श्रिंप किंवा ब्लडवर्म. भुकेल्या माद्या जास्त भांडतात म्हणून भरपूर घाला असं करू नका, उरलेलं सडतं.

आठवड्याला २५-३० टक्के पाणी बदला, क्लोरिन काढणारं औषध घालून, तापमान जुळवून. नायट्रेट २० पीपीएमच्या आसपास किंवा खाली असावं.

सोबत दुसरे मासे

ग्रुप नीट बसेपर्यंत नको. नंतर तळाला कोरिडोरास किंवा कुली लोच, किंवा एम्बर टेट्रा, हार्लेक्विन रासबोरा यांचा छोटा थवा चालतो, पण त्यांची जागा माद्यांच्या जागेव्यतिरिक्त धरा, १०० लिटरच्या टँकमध्ये दोन्ही बसत नाही. गुरामी नको, ते याच कुळातले आणि हद्दीवरून भांडतात. टायगर बार्ब पर कुरतडतात. छोटे श्रिंप बहुतेक खाल्ले जातात.

पुढचे महिने

विकायला येणाऱ्या बऱ्याच माद्या तीन-पाच महिन्यांच्या असतात, म्हणजे जेमतेम वयात आलेल्या. त्या गोडीगुलाबीने राहताहेत म्हणून निर्धास्त होऊ नका, पूर्ण वाढल्या की स्वभाव बदलतो आणि सहा-आठ महिने शांत असलेला ग्रुप एका आठवड्यात बिघडू शकतो. बिघडण्यामागे बहुतेक वेळा काहीतरी घडलेलं असतं. कुणी आजारी पडलं आणि ती अशक्त दिसायला लागली की तिच्यावर हल्ले सुरू होतात, म्हणून अचानक एखादीला मार बसायला लागला तर ती आजारी आहे का हे आधी बघा. दुसरं कारण म्हणजे आपणच केलेली साफसफाई. झाडं फार वाढली म्हणून एका दिवसात सगळी छाटली की सगळ्यांचे आडोसे एकदम गेले, सगळ्या एकमेकींना दिसायला लागल्या. छाटणी एका वेळी एक तृतीयांश, एका बाजूने, दोन आठवड्यांच्या अंतराने करा.

नवीन मादी घालायचीच असेल तर एक नको, दोन घाला, क्वारंटाइन करून, टँकची मांडणी बदलून, लाइट बंद ठेवून. पण जमलेल्या ग्रुपमध्ये भर घालायचं मी टाळतेच.

फायटर साधारण दोन-तीन वर्षं जगतात, कधी जास्त, त्यामुळे आकडा हळूहळू कमी होत जाणार. माझा सध्याचा ग्रुप सहाचा होता, आता चार आहेत, दोघी वयाने गेल्या. चार असेपर्यंत मी काही बदलणार नाही, रोजची हजेरी तेवढी चालू आहे. तीन झाल्या की मात्र वाट न बघता तिघींना वेगळं करायचं ठरवलंय, त्यांच्या तीन पेट्या झाडांसकट तयार आहेत, आणि स्पंज आत्ता मोठ्या टँकच्या फिल्टरशेजारीच पडून आहेत.